नसीम, पद्माची चौकडी झालेली नाही

नसीम,

शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा होऊन आज नऊ दिवस झाले आणि त्या दिवसापासून माझ्याशी कुणी धड बोलत नाही. तुझ्या फोटोसमोर उभं राहून मी ‘नाही’ म्हणाले, हे त्याचं कारण. काय झालं ते तुला मीच सांगायला हवं. भांडण तुझं आणि माझं आहे, आणि तू गेल्यावर त्यात भलतेच लोक घुसले आहेत.

सभा तशी चांगली झाली. हॉल भरला होता. जुन्या मुली आल्या होत्या, काहींनी आपल्या मुलींना आणलं होतं. पण मग भाषणं सुरू झाली. एक जण म्हणाले, शेखबाईंनी हजारो खेळाडू घडवले. दुसरे त्यांच्यावर चढ, ते म्हणाले दीडशे राष्ट्रीय खेळाडू. मी खाली मान घालून मोजत होते. राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या त्या तुझ्या चार मुली. चारही नावं मला पाठ आहेत. पाच ग्लोव्ह, मुरमाचं मैदान, अर्ध्या मुली अनवाणी, आणि एकेका मुलीच्या घरी जाऊन बापासमोर तू तासन्‌तास बसायचीस, "दो घंटे खेलने दो, बाकी दिन तुमचाच" असं म्हणत. एवढ्यातून चार. चार हा केवढा मोठा आकडा आहे हे ज्याला कळत नाही, त्यालाच दीडशे लागतात.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. मी गप्पच बसते, तुला माहीत आहे. पण मग मुख्याध्यापिका उठल्या आणि म्हणाल्या की मैदानाकडच्या भिंतीवर तुझ्या नावाचा विक्रमफलक लागणार आहे, आणि त्यावरची पहिली ओळ पद्माच्या चौकडीची असेल. "शेखबाईंची ती शेवटची इच्छा होती. मानेबाई, सामन्यांच्या गुणवह्या तुमच्याकडे आहेत. तेवढी दुरुस्ती करून सही द्या, म्हणजे पेंटरला मजकूर देता येईल."

सगळ्या हॉलनं माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "पद्माची चौकडी झालेली नाही. मी सही करणार नाही."

हॉलमधल्या अर्ध्या लोकांना चौकडी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. तुझ्यासारखं बॅट हातात घेऊन समजावणं मला जमत नाही, म्हणून इथं लिहिते. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. बॅटरनं चेंडू मारायचा आणि बेसवरून, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या थांब्यांवरून, पळायचं. पहिल्या बेसवर थांबली तर सिंगल, दुसऱ्यावर डबल, तिसऱ्यावर ट्रिपल, आणि तिन्ही बेस ओलांडून थेट घरी, म्हणजे निघाली त्याच जागी, परत आली तर होमरन. एकाच सामन्यात एकाच मुलीनं हे चारही मारले तर अमेरिकेत त्याला सायकल म्हणतात. तू त्याला चौकडी म्हणायचीस. मोठमोठ्या बेसबॉलपटूंची अख्खी कारकीर्द जाते आणि ही गोष्ट एकदाही होत नाही, कारण नुसती ताकद पुरत नाही आणि नुसता वेगही पुरत नाही. ट्रिपल तर सगळ्यांत अवघड. चेंडू नेमका माणूस नसलेल्या जागी जावा लागतो आणि पाय हरणाचे लागतात.

आणि आणखी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे तू आणि मी चोवीस वर्षं भांडलो. मुलगी तिसऱ्या बेसवर पोचली म्हणजे ट्रिपल झाली असं नसतं. सहज झेलता येणारा चेंडू समोरच्या मुलीनं सोडला, तर तो बॅटरचा फटका धरत नाहीत. ती त्या मुलीची चूक, म्हणजे एरर. हे ठरवणारा माणूस पंच नसतो. तो बाजूला छत्रीखाली टेबल टाकून बसलेला गुणलेखक असतो. म्हणजे मी.

मला त्या टेबलाशी बसवलंस तूच. मी ग्रंथालयात नवी होते, दुपारभर कॅटलॉगची कार्डं लावायचे. तू शिट्टी गळ्यात घालून आत आलीस आणि म्हणालीस, "पुस्तकं मोजून मोजून तुझं डोकं खराब होईल. चल, मुली मोज." मी म्हणाले मला खेळातलं काही कळत नाही. तू म्हणालीस, "इसीलिए तो बोल रही. जिसको कळतं वो पार्शालिटी करते." नियमांचं एक इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलावर टाकलंस आणि गेलीस. ते पुस्तक मी तीनदा वाचलं. तू एकदाही वाचलं नाहीस, हे मला पुढं कळलं.

त्या वह्यांनी मला काय दिलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. घरात आणि ग्रंथालयात मी कुणाला दिसत नसे. छत्रीखाली बसून मी पेन्सिल उचलली की दोन्ही संघांचे कोच वळून बघायचे. एका गप्प बाईला तू निकाल देण्याची जागा दिलीस. आणि मग पहिला निकाल तुझ्याविरुद्ध गेला तेव्हा तूच सगळ्यांत जास्त ओरडलीस.

आपलं रोजचं भांडण मात्र दुसरंच होतं. मोठी बॅटर कोण, पद्मा की रेखा? पद्मा सोलापूरच्या पूर्वभागातली, घरी तेलुगू बोलणारी, बाप यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. खांदे असे, की चेंडू दिसायच्या आधी फटक्याचा आवाज यायचा. रेखा माढ्याची, मावशीकडे राहून शिकणारी, बारकी, चष्म्याची. ती बॅट क्वचितच जोरात फिरवायची. वाईट चेंडू सोडून द्यायची. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणारीनं, टाकलेले चार वाईट चेंडू सोडले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो. अशी ती चालत जायची आणि थोड्या वेळानं कुणाच्या तरी फटक्यावर घरी यायची. मी वर्षाच्या शेवटी वही मांडून दाखवलं, की रेखा निम्म्याहून जास्त वेळा बेसवर पोचते आणि पद्मा तिच्या बरीच मागं आहे.

"चालत गेली!" तू म्हणालीस. "बाजारातपण चालत जातात. त्याला बॅटिंग म्हणतात काय गे?"

"बेसवर पोचली की नाही?"

"पोचली. पण पिचरला घाम फुटला का? तुझ्या वहीत घामाचा रकाना आहे का?"

"नाही."

"फिर जला दे वो वही."

मी म्हणायचे मोठेपणा म्हणजे रोज जमणं. तू म्हणायचीस, रोज जमतं ते काम. मोठेपणा म्हणजे एखाद्या दिवशी असं काही करणं, जे परत कुणाला जमणार नाही. स्टाफरूममधल्या बाया आपल्याला हसायच्या. दोघी पन्नाशीच्या आणि भांडतात कशावरून, तर नववी-दहावीतल्या पोरींच्या फटक्यांवरून. एकदा वाद इतका चढला, की तू मला घरी सोडायला निघालेली स्कूटर अर्ध्या रस्त्यात थांबवलीस आणि म्हणालीस, "उतर. रिक्षानं जा." मी उतरले. पुढच्या चौकात तू थांबून वाट बघत होतीस.

आता तो सामना. जिल्ह्याची उपांत्य फेरी होती, समोर सांगोल्याची शाळा. ग्लोव्ह कुणाकडेच पुरेसे नव्हते, म्हणून नेहमीसारखं ठरलं, तुझे पाच आणि त्यांचे चार मिळून नऊ. डाव बदलला की मुली ग्लोव्ह जमिनीवर ठेवून यायच्या आणि समोरच्या संघाची मुलगी त्या जागी जाऊन तोच उचलून घालायची. बाहेरच्या जिल्ह्यातला एक पंच हे बघून हसला होता. तू त्याला म्हणालीस, "साहेब, ग्लोव्ह कमी आहेत, हात पुरेसे आहेत."

पद्मानं त्या दिवशी आधी होमरन मारला. मग सिंगल, मग डबल. मुलींनी बोटं मोजायला सुरुवात केली होती. शेवटच्या वेळी ती उभी राहिली तेव्हा तू सीमेबाहेर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी होतीस. चेंडू उंच गेला, मधल्या क्षेत्रात, मागं. तिथली मुलगी मागं मागं पळाली, चेंडूच्या बरोबर खाली आली, हात वर केला. चेंडू ग्लोव्हवर आदळला आणि बाहेर पडला. ती तो शोधून फेकेपर्यंत पद्मा तिसऱ्या बेसवर होती आणि आपल्या मुली नाचत होत्या.

मी लिहिलं, ई-आठ. ई म्हणजे एरर. आठ म्हणजे मधल्या क्षेत्रात उभी असलेली. गुणवहीत माणसांना आकडे असतात, एक ते नऊ.

तू टेबलाशी आलीस, वही ओढलीस, बघितलंस. तुझा चेहरा मी विसरलेले नाही.

"ती डावरी आहे!" तू म्हणालीस. "दिसलं नाही तुला? ग्लोव्ह उलटा घातला होता तिनं. नऊच्या नऊ ग्लोव्ह उजव्या मुलींचे, डाव्या हातात घालायचे, आणि हिनं घातला उजव्यात. अंगठा करंगळीच्या जागी. त्याच्यात चेंडू राहील कसा? कोणी झेलला असता?"

मी पुस्तक उघडलं. नियम एका ओळीचा होता. सर्वसाधारण प्रयत्नात जो झेल घेता येतो, तो सुटला तर एरर. मी म्हणाले, ती चेंडूखाली पोचली होती, चेंडू ग्लोव्हला लागला, सुटला. पुस्तकात ग्लोव्ह कुणाचा हे लिहिलेलं नाही.

"पुस्तक सोलापुरात खेळलंय का कधी?"

मी पुस्तक मिटलं. पण खोडरबर उचललं नाही. सामना आपण जिंकलो, अंतिम फेरी हरलो, पद्माच्या नावासमोर सिंगल, डबल, होमरन राहिलं. आणि पुढं चोवीस वर्षं, लग्नांमध्ये, बारशांमध्ये, माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभातसुद्धा, तू मध्येच माझ्याकडे वळून म्हणायचीस, "लिख दे ना गे, ट्रिपल."

शेवटचं म्हणालीस ते विजापूर वेशीतल्या तुझ्या घरात. खाट खिडकीशी होती. तुझा आवाज उरला नव्हता. मी संत्री सोलत होते. तू म्हणालीस, "सुमन. अब तो लिख दे."

मी म्हणाले, "नाही."

तुझ्या सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तुझ्या तोंडचं पाणी काढून घेतलं होतं. तू भिंतीकडे तोंड केलंस. मी फोडी वाटीत ठेवल्या आणि आले. त्यानंतर आपण बोललो नाही, कारण त्यानंतर तू कुणाशीच बोलली नाहीस.

आता सगळे मला विचारतात, एक शब्द लिहिला असता तर काय गेलं असतं? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "श्रद्धांजली समजा, मानेबाई." तुझा मुलगा तर फार नम्रपणे बोलला. "मौसी, अम्मीच्या आत्म्याला बरं वाटेल." माझी स्वतःची मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, तू एवढी कोरडी कशी?" मी कोरडी नाही. मी रोज रडते, आणि रडताना मला पेन्सिल धरता येत नाही एवढंच. पण तू मेलीस म्हणून सुटलेला झेल फटका होत नाही. या लोकांना वाटतं तुला जिंकू देणं म्हणजे तुझ्यावर प्रेम करणं. तुला कुणी मुद्दाम जिंकू दिलं की तू काय करायचीस, हे त्यांना माहीत नाही. शिक्षकदिनाच्या सामन्यात मुलींनी तुला हळू चेंडू टाकले, तेव्हा बॅट फेकून निघून गेली होतीस. मी विसरलेले नाही.

सभेनंतर चौथ्या दिवशी पद्मा आली. जुळे सोलापुरातच तिची शाळा, माझ्या फ्लॅटपासून दहा मिनिटांवर, आणि ती तिथं खेळच शिकवते. ती आली, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, मी पोरींना सांगत आलेय, मी चौकडी मारली. इतकी वर्षं."

"मला माहीत आहे."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत ते?"

"तू तुझ्या पोरींना काय सांगायचं ते तू ठरवायचं. भिंतीवर काय लिहायचं हे मी ठरवायचं."

तिचे डोळे भरले. "माझ्याकडे दुसरं काय आहे, मॅडम? राज्याच्या संघात दोनदा नाव आलं, दोनदा बापानं पाठवलं नाही. रेखाचं तुमच्या वहीत पान पान आहे. माझा तो एक दिवस आहे. तेवढा तरी द्या की."

नसीम, तुला सांगते, त्या वेळी मी जवळजवळ हो म्हणाले. इतकी वर्षं मी रोज जमण्याची बाजू घेतली होती, आणि माझ्या समोर बसून एक चाळिशीची बाई एका दिवसावर आयुष्य तोलून धरत होती. तुझी बाजू मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली. मी तिला म्हणाले, "तो दिवस तुझाच आहे. होमरन, सिंगल, डबल. तसा दिवस रेखाला एकदाही आला नाही. हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला तयार आहे."

"पण ट्रिपल नाही."

"ट्रिपल नाही."

"बाई गेल्या, मॅडम. आता कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हणाले. ती उठून गेली. चपला घालताना तिनं मागं वळून बघितलं नाही.

परवा बेल वाजली. दारात एक उंच बाई, हातात डाळिंबांची पिशवी.

"मॅडम, वळखलं न्हाय न्हवं?"

"नाही."

"कसं वळखाल? मी आठ नंबर."

मला दोन क्षण काही समजेना. मग तिनं डावा हात वर केला आणि मी तिला आत घेतलं.

तिचं नाव कमल. सांगोल्याजवळ त्यांची डाळिंबाची बाग आहे. तोडणी चालू होती म्हणून तिला सभेला येता आलं नाही. तुझ्या घरी जाऊन आली होती, तिथं तुझ्या सुनेनं फलकाची सगळी भानगड सांगितली आणि माझा पत्ता दिला. चोवीस वर्षं मी त्या ई-आठवर भांडले आणि त्या आठचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. तूही भांडताना तिला ‘ती डावरी’ म्हणायचीस. मला वाटायचं तुलाही माहीत नाही.

मी तिला म्हणाले, "तुझ्या नावावर मी चूक लिहिली. शेखबाईंचं म्हणणं होतं तुझी चूक नव्हती, तो झेल कुणालाच घेता आला नसता. आता सगळ्यांना तो बदलून हवाय."

ती सरळ बसली. "न्हाय, बदलू नका."

"का?"

"आवं, कुणालाच घेता आला नसता म्हंजे? सोपा बॉल हुता त्यो. मी बरूबर खाली हुते. डोळं झाकून घेतला असता." तिचा आवाज चढला होता. "अवघड बॉल असता तर बाईंनी मला ग्लोव्ह दिला असता व्हय?"

"कुठला ग्लोव्ह?"

आता ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमाला ठावं न्हाय?"

मग तिनं सांगितलं. सामन्यानंतर महिन्याभरानं तू एकटी एसटीनं सांगोल्याला गेलीस. तिच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिलीस आणि तिच्या हातात एक नवा ग्लोव्ह दिलास, डावऱ्या मुलीचा, उजव्या हातात घालायचा. मागवायला किती खटपट केली असशील, तेव्हा आपल्याकडे उजवेच धड मिळत नव्हते. "बाई म्हनल्या, कुणाला बोलू नको. समोरच्या टीमला सामान दिलं म्हणून आमच्या शाळेत माझी चटणी करतील. आन् म्हनल्या, आता सोडलास तर याद राख."

"मग?"

"मग काय? फुडच्या साली परत तुमच्या शाळेसंगं म्याच. परत पद्मा. परत तसाच बॉल, जरा जास्तच उंच. घेतला की!" ती हसली. "मैदानाभाईरनं बाईंनी मला उर्दूत लई शिव्या घातल्या. आन् मग तितंच खाली बसून हसाया लागल्या."

ते हसणं मला आठवलं. तो सामना आपण हरलो होतो. पद्मा रडत होती, सगळ्या मुली रडत होत्या, आणि तू जमिनीवर बसून हसत होतीस. मला वाटलं तुला ऊन लागलं. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. तू पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "लिख ले नीट. आउट है." एरवी प्रत्येक आउटवर हुज्जत घालणारी तू, त्या दिवशी मला स्वतः म्हणालीस.

म्हणजे माझ्याशी तू आपल्या मुलीसाठी भांडत राहिलीस, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या शाळेच्या मुलीचा हात बरोबर करून आलीस, पुढच्या वर्षी तुझ्याच मुलीला बाद करण्यासाठी. आणि हे मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी काय म्हणाले असते, हे तुला ठाऊक होतं. मी म्हणाले असते, बघ, झेल सोपा होता हे तुलाच पटलं होतं, नाहीतर ग्लोव्ह कशाला दिलास? चोवीस वर्षांचा वाद मी एका वाक्यात जिंकले असते. लबाड बाई. त्या खाटेवरसुद्धा बोलली नाहीस.

कमल निघताना दारात थांबली. "फुडच्या सालचा झेल वहीत लिवलाय न्हवं?"

"लिहिलाय."

"माझं नाव हाय का?"

"नाही. आठ लिहिलंय."

"मंग नाव लिवा की, मॅडम. चूक आठची ऱ्हाऊ द्या. झेल तेवढा कमलचा लिवा."

काल सकाळी मी पद्माला फोन केला आणि ग्लोव्हची गोष्ट सांगितली. मागं तिच्या मुलींचा गलका ऐकू येत होता, कुणी तरी ‘पळ पळ’ म्हणून ओरडत होतं. मग ती म्हणाली, "म्हणजे मला बाईंनीच आउट केलं." पुढं ती तेलुगूत काही बोलली, ते मला कळलं नाही आणि ती सांगायलाही तयार झाली नाही. फलकाचं तिनं काहीच म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ती अजून माझ्यावर रागावलेली असेल. तिचा तो हक्क आहे.

दुपारी मी शाळेत जाऊन सही करून आले. मजकूर असा आहे, पद्मा, एका सामन्यात होमरन, सिंगल आणि डबल. रेखाचं नाव खाली, तिच्या वर्षांसकट. मसुद्यात तुझ्या नावाखाली ‘हजारो खेळाडू’ होतं, ते मी खोडलं आणि राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या चौघींची नावं लिहिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शेखबाईंसाठी तरी, मानेबाई..." मी म्हणाले, "शेखबाईंसाठीच." त्यांना ते पटलं नाही. त्यांनी तो कागद पेंटरला दिला, कारण सही माझीच लागते.

मोठी बॅटर कोण, यावर मी अजून रेखाच म्हणते. तू समोर असतीस तर स्कूटरवरून उतरवलं असतंस. उतरव.

आणि नंतर घरी येऊन मी त्या सामन्याच्या पुढच्या वर्षीची वही काढली. तो आउट सापडायला वेळ लागला नाही. पेन्सिलीचा ‘आठ’ फिका झाला होता. मी त्याच्यापुढं शाईनं कमल लिहिलं.

गुणलेखनात असिस्ट नावाची एक नोंद असते. एखादीनं आउट केलं, पण तिच्या हातात चेंडू पोचवायला दुसरीची मदत झाली, तर त्या दुसरीला असिस्ट देतात. नियम स्पष्ट आहे. असिस्ट फक्त मैदानात उभ्या असलेल्या नऊ जणींपैकी एकीलाच मिळतो. मैदानाबाहेरच्या माणसाला मिळत नाही. समोरच्या संघाच्या कोचला तर नाहीच नाही. इतक्या वर्षांत मी पुस्तकाबाहेर एक रेघ ओढलेली नाही.

मी कमलच्या नावाशेजारी लिहिलं, असिस्ट, नसीम. शाईनं लिहिलं, खोडता येऊ नये म्हणून. खाली माझी सही केली. कुणाची हरकत असेल तर त्यांनी नियमांचं पुस्तक घेऊन माझ्याकडे यावं.